रांजणासाठी एक थाप

आमच्या घरात सगळ्यात मोठा मान रांजणाचा. त्याच्या खालोखाल मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. मग मामंजींच्या पानाच्या डब्याचा, मग आमच्या ह्यांचा, मग सासूबाईंचा, आणि अगदी शेवटी सुनेचा. सून मी एकटीच असल्यामुळे ती शेवटची जागा मला कुणाशी न भांडता मिळाली, आणि त्याबद्दल मी आजही त्या घराची ऋणी आहे. चेष्टा नाही करत. कोकणात मामाच्या घरी वाढले तिथं मला शेवटचीसुद्धा जागा नव्हती. मामी पानं मांडताना माणसं मोजायची आणि मोजताना मला विसरायची. विसरभोळी होती बिचारी. फक्त माझ्याच बाबतीत, पण होती. मराठी तिसरीत असताना मामानं माझं नाव शाळेतून काढलं. "पोरीला सही येते, आता काय मामलेदार व्हायचंय तिला?" म्हणाला. मामलेदार व्हायची माझी तयारी होती, पण मला कुणी विचारलं नाही. मामा दरवर्षी संक्रांतीच्या जत्रेला सुपारी आणि कोकमं घेऊन सोलापूरला जायचा. एका वर्षी सुपारी विकून आला आणि माझं लग्नही जमवून आला. दोन्ही माल एका फेरीत खपले म्हणून मामीनं त्या दिवशी गोड केलं.

घर सोलापुरात, रंगाऱ्यांच्या गल्लीत. मागच्या पडवीत तो रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, एवढा मोठा की मी आत उभी राहिले असते तर बाहेर नुसता अंबाडा दिसला असता. आत नीळ, चुना, गूळ आणि टाकळ्याचं शिजवलेलं बी असं सगळं महिनोन् महिने आंबत असे. वास असा की पहिल्या दिवशी माप ओलांडताना मला वाटलं, घरात कुणीतरी गेलंय आणि लग्नाच्या गडबडीत सांगायचं राहून गेलंय. मी नाकाला पदर लावला तशा आत्याबाई, सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे, कानाशी लागून म्हणाल्या, "पदर काड पोरी, त्यास्नी दिसंल. सवं हुती की चार दिसांत." सवय झाली. इतकी झाली की परवा माझ्या नातीनं पुण्याच्या कुठल्याशा प्रदर्शनातून निळी ओढणी आणली, तिला 'नैसर्गिक रंग' अशी चिठ्ठी टाचलेली, ती मी आधी हुंगून पाहिली. साबणाचा वास आला. पोरीनं हौसेनं आणलेली वस्तू, "छान आहे हो," म्हटलं आणि घडी करून ठेवली.

पण रांजणाची थट्टा करताना एक सांगितलंच पाहिजे. पांढरं लुगडं आत बुडवून वर काढलं की ते निळं नसे, पोपटी हिरवं असे. मग वाऱ्याला लागलं की बघता बघता कडेकडेनं निळं होत जाई, कुणी बोट न लावता. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून "अगो बाई" निघालं आणि मामंजींनी मान वळवून बघितलं, कारण रांजणापाशी बोलायची मनाई होती. शीळ घालायची मनाई, शिंकायची मनाई, रिकाम्या पोटी जवळ जायची मनाई आणि पोट भरल्यावर लगेच जायचीही मनाई. न्हालेल्या बाईनं ओल्या केसांनी जायचं नाही, न न्हालेल्या बाईनं तर नाहीच नाही. थोडक्यात, बाईनं नाही. आमचे हे मात्र त्या रांजणाशी तासन् तास बसत. लग्नाच्या पहिल्या वर्षात ते माझ्याशी जेवढं बोलले त्याहून जास्त रांजणाशी पुटपुटले असतील. मला मत्सर वाटत नव्हता. रांजण उलट बोलत नसे, हे मलाही कळत होतं.

गावात तेव्हा डब्यातली विलायती नीळ आलेली होती. पाण्यात कालवली की झालं, ना आंबवण ना सोवळं. आजूबाजूच्या बऱ्याच घरांनी रांजण बुजवून त्यावर तुळशी लावल्या होत्या. मामंजी त्या डब्यांना 'अवदसा' म्हणत. गिरणीचा भोंगा वाजला की "बोलवतीया अवदशीची आई" म्हणत आणि पान लावायला घेत. त्यांचं पान लावणं हा एक सोहळा होता. डब्याचं झाकण उघडताना अलीकडे ते किणकिण वाजत राही, हात काही केल्या ठरत नसे. घरात सगळ्यांना ते ऐकू येत होतं आणि सगळे बहिरे होते.

माझं काम रानातलं आणि ओट्यावरचं. पाऊसकाळ सरला की आत्याबाईंबरोबर कुंभारीच्या बाजूला माळावर जायचं, टाकळ्याच्या वाळलेल्या शेंगा ओरबाडायच्या, तरवडाची साल काढायची, बाभळीचा डिंक खरवडून ओच्यात घ्यायचा. समुद्राकाठची मी, मला ते माळ बघून पहिल्यांदा रडू आलं होतं. जमीन इतकी मोकळी टाकून देतात का कुठं? मेंढरांमागच्या बाया हाका मारत, "काय गोळा करताय वैनी, शेंगा? कोकणात ह्येच खात्यात व्हय?" मी खरोखर सांगायला जाई की आम्ही भात खातो, आणि मग त्या भाताच्या आठवणीनं शेंगा ओरबाडायचं विसरून जाई. भात सणाला. एरवी ज्वारीची कडक भाकरी, हुलग्याचं माडगं आणि शेंगाची चटणी. ती चटणी मात्र, काय सांगू, तिच्यासाठी मी मामीलाही माफ केलं असतं. दुपारी बांधाला बसून आत्याबाई माझ्या भाकरीवर दोन चिमट्या जास्त टाकत आणि म्हणत, "खा. कोकणातल्या पोरीला तिकट सोसत न्हाय म्हनं, बगू." सोसत नव्हतंच. डोळ्यांतून पाणी काढत मी सगळी खाई.

घरी आल्यावर डिंक भिजवून, त्यात चुना आणि गाळलेली काळी माती मळून लेप करायचा आणि बाभळीच्या काट्यानं तो लुगड्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी ठेवायचा. लेप वाळला की लुगडं रांजणात जाई; लेपाखालचं कापड पांढरंच राही. धुतल्यावर काळ्यानिळ्या चंद्रकळेवर चांदण्या उमटत. चांदण्या आत्याबाईंच्या. मला चांदण्या ठेवून ठेवून कंटाळा आला तेव्हा मी एका काठावर आमच्या खाडीतल्या कुर्ल्या काढल्या, नांग्यांसकट. पहिल्या गिऱ्हाईक बाईनं लुगडं उलगडलं आणि हातातून टाकलं. "अगं बया, इंचू!" मी समजावून सांगितलं की ही कुर्ली, पाण्यात राहते, शिजवून खातात. त्यानं प्रकरण आणखी बिघडलं. पण पुढच्या आठवड्यात तिची जाऊ आली आणि म्हणाली, "ते इंचवाचं लुगडं मलाबी पायजे." सोलापुरात मी विंचू काढणारी म्हणून नावारूपाला आले. कुर्लीसाठी मी जन्मभर भांडले, कुणी ऐकलं नाही.

असं सगळं बरं चाललं असताना पौषात रांजण मेला.

मेला म्हणजे एका सकाळी त्यावरचा फेस बसला. चांगल्या रांजणावर तांब्याच्या झाकेचा निळा फेस असतो, तो गायब आणि खाली काळसर गढूळ पाणी. चिंधी बुडवली तर चिखलासारखी राखाडी आली आणि वाऱ्यावर धरली तरी तशीच लाजत राहिली. पेठेतल्या एका शेटच्या मुलीचं पहिल्या संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीला होतं, तिची चंद्रकळा ठिपके ठेवून तयार, फक्त बुडवायची बाकी. मामंजींनी चिंधी पाहिली, आभाळाकडे पाहिलं, आणि मग सगळ्या जगात बघण्यासारखं दुसरं काही नसल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. माझ्याशी ते थेट बोलत नसत. आत्याबाईंना म्हणाले, "इचार तुज्या सुनंला, काल पडवीत गेलती का?"

मी गेले होते. लाकडं आणायला गेले होते, सरपण तिथंच असे, आणि सरपण आणायला मला त्यांनीच धाडलं होतं. पण असल्या बारीकसारीक गोष्टींना न्यायनिवाड्यात जागा नसते. निवाडा असा झाला की नव्या सुनेचा पायगुण रांजणाला मानवला नाही. मामा जत्रेला येतोच आहे, तोवर रांजण वळला, म्हणजे पुन्हा जिवंत झाला, तर ठीक, नाही तर परत जाताना त्यानं मला घेऊन जावं. मला चूल दिसू लागली मामीची. ती पानं मांडते आहे, मोजते आहे. त्या दिवसापासून पडवीच्या दाराशी जाऊन मी लांबूनच रांजणाला म्हणत असे, "बाबा रे, माझ्यावर नको, दुसऱ्या कुणावर राग काढ," आणि मग दुसरं कोण म्हणून घरातल्या एकेकाचं तोंड आठवून घाबरत असे.

नारळ फुटले, लिंबं उतरली. मग शेवटचा उपाय. आमच्या रंगाऱ्यांत अशी समजूत होती की बिघडलेला रांजण एका औषधानं हमखास वळतो, ते म्हणजे थाप. घरातल्या माणसानं एक मोठी थाप गावात सोडायची. ती लोकांनी खरी मानून तोंडोतोंडी फिरवली आणि फिरून परक्याच्या तोंडून आपल्याच दारात आली की रांजणाला फेस येतो. मात्र रांजण वळेपर्यंत ती थाप आहे असं घरच्यांनी कबूल करायचं नाही; केलं तर रांजण कायमचा गेला. माझी नात म्हणते, आजी, ते बारीक जंतू असतात, थंडीनं गारठले असतील. असतील बापडे. पण मग थापेनं त्यांना ऊब कशी येत होती हे तिलाही सांगता येत नाही.

अडचण एवढीच की सोलापुरात ही समजूत आमच्याइतकीच गावालाही ठाऊक होती. मामंजी उपरणं टाकून चौकात गेले आणि गिरणीच्या चिमणीतून काल पांढरा हत्ती निघाला असं सांगून आले. पानवाला म्हणाला, "काका, रांजन आजारी हाय वाटतं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी तळ्याचं पाणी दुधासारखं झाल्याचं सांगितलं. लोक म्हणाले, "मग च्या करून प्या की." तिसऱ्या दिवशी पोरंच मागं लागली, "आजोबा, आज काय?" आयुष्यभर थापा मारून त्यांनी आपली पत घालवली होती. आमचे हे बोलायला गेले, पण त्यांना वाक्य पूर्ण करायचीच सवय नव्हती.

तेव्हा आत्याबाईंनी मला चुलीपाशी बोलावलं. "तू जा. नरसम्माकडं."

"मी? मला नाही हो थाप मारता यायची, आत्याबाई."

"म्हनून तर. तुजं तोंडच खरं बोलणाऱ्याचं हाय. काय बी सांग, पर मोटं सांग. आन् रडत रडत जाऊ नगंस."

नरसम्मा शेजारची, विणकरांच्या घरातली, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारी. तिचा नवरा मागावर बसे आणि ती शेजारी बसून सुताच्या कांड्या भरी. तिच्या कानात पडलेली गोष्ट जेवणवेळेपर्यंत सगळ्या पेठांतून फिरून येत असे. मी चटणीची वाटी घेऊन गेले. वाटेत ठरवलं की सांगायचं, आमच्या खाडीत सोन्याचा मासा सापडला. उंबऱ्यात पोचेपर्यंत मासा विसरले.

"अय्यो कोकणी," नरसम्मा म्हणाली, "काय ते तोंड! सासू मारली काय?"

"नाही हो."

"मग सासरा?"

दिवसरात्र डोक्यात तोच रांजण, तेच मामंजी, तीच परत पाठवणी. तोंड उघडलं आणि जे बाहेर पडलं ते माझ्या भीतीचं नेमकं उलटं होतं. मी म्हटलं, "मामंजी रांजण माझ्या हातात देणार आहेत."

मागाचा खटका थांबला. दिवसभर ज्याचा आवाज गल्लीला घड्याळासारखा, तो माग थांबला आणि नरसम्माचा नवरा मागावरूनच वाकून बघू लागला. "बाईच्या हातात?" तो म्हणाला. "रांजण?"

"ते म्हणाले," मी आपली पुढं चालले, आता थांबायचं कसं तेच कळेना, "ते म्हणाले, माझे हात थरथरतात. पानाच्या डब्याचं झाकणसुद्धा धरवत नाही. आता सुनेनं बघावं."

हे मी रचलं नव्हतं, रोज ऐकत होते. थापेत तेवढं एक खरं पडलं आणि मला वाटतं त्यानंच घात केला. किंवा काम केलं. नरसम्मानं कांडी खाली ठेवली, माझ्या हातातली वाटी घेतली आणि मी वळायच्या आत पदर खोचून दुसऱ्या दारानं बाहेर पडली.

दिवेलागणीच्या आधी गल्लीच्या टोकाचे बाबूअण्णा आमच्या ओसरीवर आले. तेही रंगारी, त्यांचा रांजण बुजवून वर तुळस लावलेली. न बसताच म्हणाले, "काय ऐकतोय मी? तू म्हनं सुनंच्या हाती रांजन देनार. आन् तुजं हात थरथरत्यात म्हनं?"

मामंजींचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, मग मला माहीत असलेल्या कुठल्याही पानाफुलातून न निघणारा. त्यांनी तोंड उघडलं. दाराआडून आत्याबाई मोठ्यानं खोकल्या. गावानं मानलेली थाप परक्याच्या तोंडून दारात आलेली होती. आता "खोटं हाय" म्हटलं तर रांजण गेला. मामंजींनी पानाच्या डब्याकडे हात नेला आणि मागं घेतला. मग, अंगातला सगळा जीव गोळा करून, म्हणाले, "व्हय."

"मग सुरवात कदी?"

"उद्या."

"मग येतो की बगायला," बाबूअण्णा म्हणाले.

आणि आले. एकटे नाही, गल्ली घेऊन आले. ओसरीपासून पडवीपर्यंत माणसं आणि मी पदर कमरेला खोचून रांजणाच्या काठाशी. मला वाटत होतं, जमीन दुभंगेल किंवा निदान मी शिंकेन. आत्याबाई मागून पुटपुटत होत्या, "भोवतीनं गवऱ्याचा निकारा पसर. आता गूळ. टाकळ्याचं पाणी कोमट हाय का बग." त्यांना हे सगळं कुठून माहीत, हे मला आजही कळलेलं नाही. जन्मभर त्या पडवीच्या दारातच उभ्या होत्या. दारातून काय दिसतं याचा पुरुषांनी कधी विचार केला नसावा. मी लांब काठीनं तळातला गाळ हळूच वर उचलला आणि खांद्यापर्यंत हात घालून चाचपला. गार होता, मेलेल्या माणसाच्या तळव्यासारखा. पहिल्या दिवशी काही झालं नाही, लोक जेवायला गेले. दुसऱ्या दिवशीही ऊब देत राहिलो, ढवळत राहिलो. मग एका सकाळी कडेला एक बुडबुडा आला. तांब्याच्या झाकेचा.

त्यावर घरात मोठी चर्चा झाली. मामंजींचं म्हणणं, पोरगी जर खरंच रांजणावर बसली तर ती थाप कुठं उरली? थाप खरी झाली की रांजण पुन्हा बिघडणार. मुद्दा बिनतोड होता. आणि तेव्हा आमच्या ह्यांनी लग्नानंतरचं पहिलं पूर्ण वाक्य उच्चारलं. "मग बाबा, तुमी रोज सांजच्याला म्हना की, उद्यापासनं सुनंचं रांजनावर बसनं बंद." तेव्हापासून मामंजी दररोज संध्याकाळी ओसरीवरून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणत, "उद्यापासनं बंद!" आणि सकाळी मी पदर खोची. ही थाप रांजणाला अतिशय मानवली.

शेटच्या मुलीची चंद्रकळा बुडवायची त्याच दिवशी मामा आला. जत्रेतला माल संपवून, रिकामी पोती खांद्यावर टाकून, धाडलेल्या सांगाव्याप्रमाणे थेट दारात. मी पडवीत होते, दोन्ही हात रांजणात, लुगड्याचे घोळ पाण्याखाली सोडवत होते. या कामात हात मध्येच बाहेर काढता येत नाहीत. वारा आत गेला की रंग डागाळतो. मामानं ओसरीवरून विचारलेलं ऐकू आलं, "झाली का तयारी? गाडीची वेळ झाली. बोचकं बांध म्हणावं तिला."

माझे हात जागच्या जागी थांबले. रांजण तर वळला होता. पण मामंजींनी निवाडा मागं घेतला असं काही कुणी म्हटलेलं नव्हतं, आणि मी विचारलेलं नव्हतं. विचारायची भीती वाटत होती. विचारलं तर त्यांना आठवेल. ओसरीवर पानाच्या डब्याचं झाकण किणकिणलं आणि बराच वेळ किणकिणत राहिलं.

"आता कशी येल ती?" मामंजी म्हणाले. "हात वले हायत तिचं."

"पुसेल की. मी थांबतो."

"न्हाय. काम मदीच सोडता येत न्हाय."

"मग कधी निघेल?"

"ह्ये लुगडं झालं की दुसरं हाय. दुसरं झालं की तिसरं."

एकदा खपवलेला माल परत न्यायची मामालाही हौस नव्हती; फक्त सांगावा येऊनही पोरीला का आणलं नाही, हे मामीला सांगावं लागणार होतं. म्हणाला, "मग मी घरी काय सांगू?"

"सांगा, पोरगी कामात हाय. आन् बसा, भाकरी खाऊन जावा. कोरड्या तोंडानं नगा जाऊ."

मी मान वर केली नाही. घोळ सोडवत राहिले. डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. रांजणात खारं पाणी पडलं तर काय होतं, हे मला कुणीच सांगितलेलं नव्हतं. म्हणून मी होता होईल तेवढी मान भिंतीकडे वळवून रडून घेतलं.